पाठीवरचा तीळ

सोमवार, १२ जानेवारी

ह्यांची जुनी पांढरी पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले, वरून पूर्ण बाह्यांचा शर्ट. या अवतारात आज मी जंगलाच्या कडेला पाचोळा गोळा करायला गेले! दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर बघतच राहिला. मेला हसला नाही हेच नशीब.

हुकूम इन्स्पेक्टरचा. इन्स्पेक्टर म्हणजे माझी धाकटी जाऊ. गोठ्यात काय घालायचं, जंगलात कुठे बसायचं नाही, आल्यावर कपडे कुठे टाकायचे — सगळं आता तीच ठरवते. पांढरं कशाला, तर त्यावर गोचीड चटकन दिसतो. मी म्हटलं, शेणही चटकन दिसतं. ती मोज्यांवर औषध फवारत बसली.

घरी आल्यावर कपडे थेट उकळत्या पाण्यात. मग आंघोळ. मग तपासणी! कानामागे, केसांत, काखेत, बेंबीत, गुडघ्यांच्या मागे. गोठ्यातल्या गाईलाही कुणी इतकं चाचपत नाही. भिंग आणि बॅटरी घेऊन उभीच असते दारात.

बुधवार, १४ जानेवारी

लंगड्या गाईच्या कासेजवळ गोचीड सापडले. मी नेहमीसारखा एक ओढला आणि नखाखाली चिरडणार तेवढ्यात मागून आवाज — "बोटांनी नाही!" केवढ्याने दचकले! गाय बिथरली, बादली लवंडली. 

मग व्याख्यान. चिरडला की त्याच्यातलं आपल्या हाताला लागतं. रॉकेल लावायचं नाही. पेटत्या काडीचा चटका द्यायचा नाही. बारीक चिमट्याने अगदी कातडीजवळ धरायचा, न पिळता सरळ वर ओढायचा, मग साबणाने हात आणि जागा दोन्ही धुवायचं. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी एकदा सांगितलं आणि हिने पाठ केलं. माझी हयात गोचीड काढण्यात गेली, आणि ही मला शिकवणार! सांडलेल्या दुधाबद्दल मात्र चकार शब्द नाही.

शनिवार, १७ जानेवारी

इन्स्पेक्टर सकाळी भाऊजींचा फोटो पुसत होती. काच चकचकीत होईपर्यंत. मी बघत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझा हा धाकटा दीर अर्ध्या चड्डीत होता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्याचे पाढे मी घेतले, त्याचे दात पडले ते मी फेकले, त्याला न्हाऊ मी घातलं. अंगाला साबण लावायला गेले की खिदळत अंगणभर पळायचा, ओल्या अंगाने. माझी मुलगी नंतरची. पहिलं पोर तेच.

मागच्या वर्षी याच दिवसांत त्याला ताप आला. तेव्हा ही काय म्हणाली? "दमलेत. झोपू दे." झोपू दिलं! दुसऱ्या दिवशीही झोपू दिलं. हॉस्पिटलात नेलं तेव्हा काखेत गोचीड मिळाला, फुगून वाटाण्याएवढा झालेला. डॉक्टर म्हणाले, गोचिडाचा ताप, उशीर झाला. बायको असून हिला दिसला नाही. आता घरभर भिंग घेऊन हिंडते. तेव्हा कुठे होतं भिंग?

हे तिच्या तोंडावर मी अजून बोललेले नाही. बोलेन एक दिवस.

सोमवार, १९ जानेवारी

दोघी एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही. छान गेला दिवस.

गुरुवार, २२ जानेवारी

हे मुलीकडे गेलेत, नातवाला बघायला. म्हणजे घरात मी आणि इन्स्पेक्टर. वा!

तपासणीत आज पाठीवर येऊन थांबली. बॅटरी जवळ आणली. तिचा श्वास मानेवर लागत होता. मग बोटाने दाबून पाहिलं, नखाने खरवडलं.

तीळ आहे म्हणाली. मी म्हटलं, मला पाठीवर तीळ नाही. आहे म्हणाली. माझी पाठ मला माहीत नाही का! — असं म्हणून गेले खरी, पण कशी माहीत असणार? आरशापुढे उभी राहून इतकी वळले की मान धरली. दिसलं काहीच नाही. आता गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले आहे. तीही तिनेच आणून ठेवली. न सांगता, न बोलता. याचाच मला राग येतो.

रविवार, २५ जानेवारी

अंग मोडून आलंय. घशात काटे.

मंगळवार, २७ जानेवारी

ताप. थंडी वाजतेय. दोन पांघरुणं घेऊन बसले आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय.

तीळ म्हणे! खांद्याच्या खाली तो ठिपका सारखा जाणवतोय. खाजतोय, टोचतोय. आत तोंड खुपसून बसला असेल. तिला तेव्हाच कळलं असेल का? मुद्दाम सोडला असेल? माझं तिच्याशी कसं आहे हे तिला ठाऊक आहे. मी आंधळी नाही आणि तीही नाही.

कण्हेरासारखी कडू आहे मी, असं हे म्हणतात. असू दे. मरायला तयार नाही अजून.

त्याच दिवशी, संध्याकाळी

बोलले. सगळं बोलले.

ती पेज घेऊन आली होती. मी वाटी ढकलली. म्हटलं, "एकाला झोपवून मारलंस. आता माझी पाळी का?"

ती उभीच राहिली. पेज पायावर सांडली होती, पुसलीसुद्धा नाही. मला वाटलं रडेल. रडली नाही. खाली बघून इतकंच म्हणाली — "ते बघू द्यायचे नाहीत, ताई. काखेत हात नेला की गुदगुल्या होतात म्हणून झटकायचे."

आणि चप्पल घालून निघून गेली. कुठे ते सांगितलं नाही.

गुदगुल्या. साबण लावू द्यायचा नाही कधी. ओल्या अंगाने पळायचा.

बुधवार, २८ जानेवारी

इन्स्पेक्टर काल आरोग्य केंद्रात गेली होती. अंधार पडायच्या आत नर्सबाईंच्या स्कूटरवर मागे बसून त्यांना घेऊनच आली. 

नर्सबाईंनी पाठ पाहिली, स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, पुन्हा पाहिली. मग हसल्या. "काकू, हा तीळच आहे. चांगला जुना. केससुद्धा आलाय त्याला!"

घसा लालभडक आहे, त्याचा ताप. तरी रक्त घेऊन गेल्या. म्हणाल्या, जंगलात जाणाऱ्याला ताप आला की त्याच दिवशी कळवायचं आणि जंगलात जातो हे आधी सांगायचं, गोचीड दिसो वा न दिसो. तुमच्या जाऊबाईंनी अगदी बरोबर केलं. हे शेवटचं वाक्य त्या दोनदा म्हणाल्या. मी भिंतीकडे बघत होते.

शुक्रवार, ३० जानेवारी

रक्तात काही नाही. ताप उतरला. हे परत आले. विचारलं, माझ्या पाठीवर तीळ आहे का?

"आहे की. लग्नापासून आहे."

मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाही?

"तुला काय करायचाय? मागे आहे तो."

या माणसाशी मी संसार केला!

रविवार, १ फेब्रुवारी

तपासणी बंद. भिंग माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेली. स्वयंपाक करते, दूध काढते, पाचोळा आणते. माझ्या वाटणीचाही, मी अजून अशक्त आहे म्हणून. माझ्याशी बोलत नाही.

ठीक आहे! कुणाला हवी होती तपासणी? पाय, पोट, काखा माझ्या मला दिसतात. पाठ ह्यांना दाखवली. चष्मा न लावता म्हणाले, "छान आहे." नातवाची चित्रं बघतानाही हे असंच म्हणत असणार.

माफी मागायला हवी हे मला कळतं. कळणं वेगळं. तोंड उघडलं की तिसरंच काही बाहेर येतं. आज उघडलं तर मी म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." कमी नव्हतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी इस्त्री मागायला गेले होते.

ती भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून उभी होती. हातात पावडरच्या डबीतला छोटा आरसा. दुसऱ्या हाताने केस वर धरलेले. मान इकडून वळवून बघत होती, तिकडून वळवून बघत होती. बॅटरी दातांत धरली होती. पण भिंगाला तिसरा हात कुठून आणणार? भिंग तर माझ्याकडे. थोड्या वेळाने आरसा खाली ठेवला आणि तशीच पलंगावर बसली.

मी इस्त्री न मागताच परत फिरले.

सगळ्या घराच्या पाठी ती बघते. तिची कोण बघत होतं? भाऊजी असतानाच काय ते कुणीतरी असेल. त्यानंतर? मी रोज तिच्यासमोर पाठ करून उभी राहायचे, आणि एकदाही म्हटलं नाही, आता तू वळ. सुचलंच नाही. तिने सांगायचं होतं! तोंड आहे ना?

सांगितलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, ते मला माहीत आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

ठरवलं होतं, आज विचारायचंच. ती दिवसभर पाचोळ्याला. संध्याकाळी आली ती जेवलीही नाही, दार लावून घेतलं. मला वाटलं, रुसवा अजून चालू आहे. भिंग हातात घेऊन दाराशी उभी राहिले आणि परत आले.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

धाकटी उठली नाही. "दमलेय, ताई. झोपते जरा." अंग तव्यासारखं. मी तिला वळवली, मागची बटणं सोडली. खांद्याखाली काळा ठिपका. म्हणते, तीळ असेल. भिंग लावलं. तिळाला पाय आहेत.

चिमट्याने सरळ वर ओढून काढला. दुधाची गाडी दारात थांबवून ठेवली आहे, हे तिला धरून बाहेर आणताहेत. झोपू देणार नाही मी हिला.