मॅडमवाली प्लेट

आई,

मी पेनांगला आले आहे. ऑफिसचं काम काल दुपारीच संपलं आणि संध्याकाळी मी तू सांगायचीस तसल्या एका छपराखाली जाऊन बसले. तू जायचीस ते हेच असेल असं नाही, इथे अशी छपरं पावलोपावली आहेत. वर पत्रा, कडेने वीस-पंचवीस गाडे, प्रत्येकाचा एकेकच पदार्थ, आणि मध्ये सगळ्यांची मिळून टेबलं. आपल्या टेबलाचा नंबर सांगायचा आणि बसून राहायचं. मी आधी लाक्सा घेतली, माशाच्या, चिंचेने आंबट केलेल्या रश्श्यातल्या शेवया, वर पुदिना. मग तुझी ती डिश. तांदळाच्या रुंद पांढऱ्या पट्ट्या, अंडं, कोळंबी आणि मोड घालून मोठ्या आगीवर परतलेल्या, कडा जरा करपलेल्या. तिचं नाव 'चार क्वे टियाव'. तू म्हणायचीस, त्या करपण्यातच सगळी गंमत आहे. खरं होतं तुझं. मी सावकाश, चवीने खाल्लं. निम्मी प्लेट झाली असेल, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवर एक बाई आपली पिशवी ठेवून रस आणायला गेली, आणि माझा घास तोंडातच थांबला. ती परत येईपर्यंत मी त्या पिशवीवरून नजर काढली नाही. ती आली, माझ्याकडे बघून हसली, बसली. माझी पाठ घामाने ओली झाली होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि अजून माझं हे असं होतं.

तू इथे तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला आली होतीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांची बदली चंदीगडला झाली होती, तुला तिथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत काम मिळालं होतं, आणि मिरजेच्या घरच्या माणसांपैकी कुणालाच कळत नव्हतं की बुरशीवर संशोधन करायला बाईला परदेशी कशाला पाठवतात. तुझी पत्रं यायची त्यात बुरशी फार नसायची. सगळं खाण्याचंच असायचं. आज काय खाल्लं, कुणाच्या गाड्यावर, शेजारी कोण बसलं. परत आल्यावर एकदा भाजी निवडताना तू म्हणालीस, "अगं, तिथे लोक अंधार पडल्यावरही बाहेर बसून जेवतात. बायका, मुलं, म्हातारी माणसं. कुणी घड्याळ बघत नाही." मला ते परीकथेसारखं वाटलं होतं. आपल्याकडे चंदीगडला ते अतिरेक्यांच्या दहशतीचे दिवस, बाबांचा नियम होता, सहाच्या आत घरात म्हणजे घरात. मार्केटच्या तोंडाशी वाळूच्या पोत्यांमागे बंदूकवाला. सकाळी वर्तमानपत्र आलं की बाबा पहिलं पान आधी स्वतः वाचायचे आणि मग ते मला मिळायचं, कधी कधी मिळायचंच नाही. बसमधून उतरवून मारलेल्या माणसांबद्दल मला शाळेतल्या मुलींकडून कळायचं.

आपल्या सेक्टरच्या मार्केटात ते सरदारजी चाऊमीनची रेहडी लावायचे. रेहडी म्हणजे हातगाडी, पण आपण घरात मराठी बोलतानाही रेहडीच म्हणायचो. तू पहिल्यांदा त्यांची प्लेट खाल्लीस आणि सरळ त्यांना शिकवायला लागलीस. "भाईसाहब, आग मोठी करो. नूडल जलना चाहिए थोडा." तुझं ते हिंदी ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते हसायचे. "जलाके कौन खाएगा, मॅडमजी?" पण त्यांनी आग वाढवली. मग तू घरून मोड आलेले मूग डब्यात नेऊ लागलीस, कारण इथल्यासारखे मोड तिकडे मिळत नव्हते. एकदा तर तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण ताटलीत वाफवून, सुरीने पट्ट्या कापून घेऊन गेलीस. त्या कढईत तुटून त्यांचा लगदा झाला आणि तुम्ही दोघं उभ्या उभ्या तो लगदा खात हसत होतात. हळूहळू बाकीची गिऱ्हाइकंसुद्धा "मॅडमवाली प्लेट" मागू लागली. मला वाटतं, त्या शहरात तू एवढी मोकळी दुसरीकडे कुठेच नव्हतीस.

तो शनिवार होता, थंडीचे दिवस, दुपारचे चार. त्याच आठवड्यात शाळेत एक पोलीस अधिकारी येऊन चित्रं दाखवून गेले होते. ट्रान्झिस्टर, जेवणाचा डबा, थर्मास, बाहुली. यांत बॉम्ब असू शकतो, बेवारस दिसलं तर हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला सांगायचं. मी रेहडीसमोरच्या बाकावर बसले होते, पाय हलवत, आणि माझी टाच कशाला तरी लागली. मी वाकून पाहिलं. काळ्या चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर होता. मी हललेच नाही. माझी टाच त्याला टेकलेली होती आणि मला वाटत होतं की ती उचलली तर तो फुटेल. "आई," मी म्हटलं, "बाकाखाली रेडिओ आहे." तू माझ्याकडे बघितलंस, मग खाली बघितलंस. तुझ्या तोंडावरचा रंग गेला, पण आवाज तसाच होता. "हळूच ऊठ आणि माझ्याकडे ये." मी आले. मग तू त्यांना विचारलंस, "भाईसाहब, वो रेडिओ आपका है?" ते म्हणाले, "नहीं जी, मेरा तो नहीं." एवढं बाकीच्यांनी ऐकलं आणि पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. धावणारे पाय. उलटलेली कढई. सरदारजींच्या पावलावर पडलेलं तेल, आणि त्यांचा आवाज. लोक पळत असताना तू एकटी उलट दिशेने गेलीस आणि ड्रममधलं पाणी मग्ग्याने त्यांच्या पायावर ओतत राहिलीस, त्या बाकापासून चार हातांवर. मी केमिस्टच्या पायरीवर उभी राहून तुला बघत होते. मला वाटलं, आता माझी आई जाणार.

पोलीस आले, सगळ्यांना मागे हटवलं, रेडिओभोवती पोती रचली. एक इन्स्पेक्टर माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की या मुलीने पाहिला. तो दरडावून बोलला नाही. "बेटा, घबराओ मत. तूने देखा, किसने रखा?" माझ्याभोवती माणसांचं कडं होतं आणि ती सगळी माणसं रेहडीकडे बघत होती. मीही तिकडे बघितलं. मी बोट केलं. "उन्होंने."

त्यांना जीपमध्ये घातलं तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती. तासाभराने कळलं की तो साधा रेडिओ होता, सेल संपलेला, कुणीतरी विसरून गेलेला. पण त्यांना सोडलं नाही. ते म्हणाले होते माझा नाही, आणि एक मुलगी म्हणत होती की यांनीच ठेवला. पोलिसांचं म्हणणं, मग हा खोटं का बोलला? त्या दिवसांत एवढं पुरे होतं.

घरी तू मला विचारलंस, "तू खरंच बघितलंस?" मी मान हलवली. बाबा म्हणाले, "बघितलं म्हणतेय ना ती. आता तू त्यात पडू नकोस. आपण बदलीवर आलेली माणसं, तीन वर्षं काढायची आणि निघायचं."  तू त्या रात्री जेवली नाहीस.

रविवारी सकाळी त्यांची बायको आली. तुझा मुगाचा रिकामा डबा घासूनपुसून आणला होता, त्या निमित्ताने. मी आतल्या खोलीत पडद्यामागे उभी होते, पडदा हलू नये म्हणून श्वास धरून. "भैणजी, ओ रेडियो साड्डा नहीं सी," ती म्हणत होती, तो रेडिओ आमचा नव्हता. पुन्हा पुन्हा तेवढंच. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती गेल्यावर बाबांनी दाराला कडी घातली आणि वरची खिटीही लावली. "यांना आपलं घर कसं माहीत?" ते म्हणाले. मग त्यांनी भर दिवसा खिडक्याही लावून घेतल्या. बाबांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मला तेव्हा कळलं की आता आपल्याला पोलिसांनाही भ्यायचं आहे आणि सरदारजींच्या माणसांनाही, आणि ते माझ्यामुळे आहे.

तू मला स्वयंपाकघरात नेलंस, ओट्यावर बसवलंस, म्हणजे आपले डोळे एका उंचीवर आले. मला वाटलं मारशील. तू म्हणालीस, "काय बघितलंस ते सांग. काय वाटलं ते नको. काय दिसलं तेवढंच." शेगडीवर पाणी उकळत होतं आणि तू ते बंद करत नव्हतीस. मी त्या पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नीट दिसलं नाही." तू डोळे मिटलेस. माझ्या कपाळावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "घाबरलं की माणसाला भलतंच दिसतं. त्यात तुझी चूक नाही. पण ते आता जाऊन सांगायचं."

बाबा दारात आडवे उभे होते. "अगं, सरकारी नोकरी आहे तुझी. सही मागतील, नाव लिहून घेतील." तू म्हणालीस, "अहो, नाव आहे म्हणूनच जाते." तू रिक्षा केलीस आणि सबंध रस्ताभर माझा हात धरून होतीस. तुझा हात बर्फासारखा गार होता. चौकीच्या दारात बंदुकीची नळी आधी आपल्याकडे वळली आणि मग तुझी साडी बघून खाली गेली. आत तोच इन्स्पेक्टर. तो तुझ्यावर चिडला नाही, त्याला तुझी कीव आली. "मॅडम, आप बाहर के हो. आपको नहीं पता ये लोग क्या क्या करते हैं." तू म्हणालीस, "मुझे नहीं पता. जो देखा, उतना लिखती हूँ." आणि तू लिहिलंस, की आपण तिथे होतो तेवढा वेळ तू त्यांच्या समोर उभी होतीस, त्यांचे दोन्ही हात कढईवर होते, ते बाकाकडे एकदाही आले नाहीत. की मुलगी घाबरली होती आणि तिची बघण्यात चूक झाली. खाली नाव, हुद्दा, घरचा पत्ता, प्रयोगशाळेचा पत्ता. पत्ता लिहिताना तू क्षणभर थांबलीस. माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "ठीक से नहीं देखा था?" मी म्हटलं, "नहीं."

मंगळवारी त्यांना सोडलं. पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा रेहडी लावली, पायाला पट्टी, उभं राहणं तिरपं. तू मला घेऊन गेलीस. मी येत नव्हते, तू ओढत नेलंस. त्यांनी माझ्यासाठी प्लेट केली, अंडं जास्त घालून, आणि माझ्या हातात देताना म्हणाले, "बच्ची है जी, डर गयी थी. मेरी भी पोती है." मी एक घास खाल्ला आणि प्लेट तुझ्या हातात दिली. बाकावर मी बसलेच नाही, कुणीच बसत नव्हतं. लोकांना जीप लक्षात राहिली होती, सुटका नव्हे. उन्हाळा लागायच्या आत रेहडी तिथून गेली. तू आजूबाजूला विचारलंस. कुणी म्हणालं गावी गेले, कुणी म्हणालं दिल्लीला. त्यानंतर कितीतरी आठवडे तू शनिवारच्या रेहडीसाठी मूग भिजत घालत होतीस, आणि मग आपण उसळ खायचो.

एक गोष्ट मला तू गेल्यावर बाबांनी सांगितली. तुझी इथे दुसऱ्यांदा निवड झाली होती, या वेळी दोन वर्षांसाठी. आपण तिघंही येणार होतो. पण पोलिसांच्या एका प्रकरणात तुझं नाव आहे म्हणून कागद कुठेतरी अडला आणि दुसरं कुणी गेलं. तू घरात एवढंच म्हणाली होतीस की आता जायची हौस उरली नाही. तू पुन्हा कधीच इथे आली नाहीस. मी काल इथे बसून तुझी प्लेट संपवली आणि दुसरी मागवली.

आई, मला नीट दिसलं नव्हतं हे खोटं आहे. माझी बघण्यात चूकही झाली नव्हती. मी काहीच पाहिलं नव्हतं, आणि बोट करताना मला ते माहीत होतं. सगळे तिकडे बघत होते, मी तिकडे बोट केलं की ते मला सोडणार होते, एवढंच होतं. तू ज्या कागदावर सही केलीस त्यातलं माझ्याबद्दलचं वाक्य तेवढं खरं नव्हतं. हे मी तुला तेव्हा ओट्यावर सांगू शकले असते. नंतर पुढची सतरा-अठरा वर्षं कधीही सांगू शकले असते. पोलिसांची भीती केव्हाच गेली होती. तू माझ्याकडे कशी बघशील, याची होती.

हे हॉटेलच्या कागदावर लिहिलं आहे, चार पानं झाली. बाबांना दाखवणार नाही. ते आता ब्याऐंशीचे आहेत, आणि तुझा विषय निघाला की अजून म्हणतात, "पोर लहान होती, तिला नीट दिसलं नसेल." आणि मी होय म्हणते.