पर्डीसाहेबाने सांगितलेली ओळ

चि. ओलीटास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझा नवरा आणि फिलाडेल्फियाची थंडी, तिन्ही छळत असतीलच. वेगळं विचारत नाही. मी ठणठणीत आहे (दात सोडून, ते डब्यात आहेत).

आमच्या तंबाखूच्या कारखान्यात भलतीच मजा झाली. माझी नात वर्नेल (तोंड माझ्यावर गेलेलं) मुकादम पर्डीसाहेबाला म्हणाली, "साहेब, खिडकी उघडा, धुळीनं जीव जातोय." त्याने दार उघडलं आणि तिलाच बाहेर काढलं. पोर घरी बसली. मी रडले-बिडले नाही. दुसऱ्या दिवशी पानांच्या शिरा काढायला बसले आणि गाणं धरलं. पर्डीला आमची भजनं प्यारी, कारण तालावर हात भराभर चालतात. म्हणून मी मुद्दाम आपल्या आजीचं काढलं, ती गुलाम होती तेव्हा कापूस वेचताना म्हणायची ते. नाव देवाचं, पण चाल अशी की बैलही पेंगेल. (आजी म्हणायची, मालकाला वाटतं आपण त्याच्यासाठी गातो, वाटू दे मेल्याला.) चर्चमधल्यासारखंच चाललं होतं: मी ओळ सांगायची, बायांनी ती लांबवून म्हणायची. माझ्याशिवाय पुस्तक वाचता येतंय कुणाला? दुपारी पर्डीचे डोळे पाणावले. "हेस्टरमावशी, काय गोड गातेस गं!" मग त्याला पानांचा ढीग दिसला, सकाळी होता तेवढाच.

मी श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात तो ओरडला, "हात चालवा, आळशी बायांनो!" अगं, जन्माची सवय! सगळ्यांनी तीच ओळ उचलली. डोळे मिटून, संथ, "हात चालवाऽऽ" म्हणत सगळ्यांचे हात थांबलेले. "वेड लागलं का?" तेही गाऊन झालं. आवाज ऐकून मालक जिन्यात येऊन उभा! पर्डी बीटासारखा लाल. "काय हवंय तरी काय?" हेही गायलो. मी हळूच म्हटलं, "वर्नेल." तो किंचाळला, "येऊ दे त्या पोरीला परत!" ही ओळ आम्ही अशी आळवली की मालकाने भजन समजून टोपी काढली. आता पर्डी शब्द फिरवतोय कसा?

वर्नेल कामावर आली. खिडकी मात्र बंदच आहे.

तुझी,
हेस्टर

ता. क. आजीच्या गाण्याचं शेवटचं भरभर म्हणायचं कडवं मला आठवत नाही. तुला मांडीवर घेऊन म्हणायची ती. लिहून पाठव. ते म्हटल्याशिवाय गाणं संपत नाही, आणि गाणं संपल्याशिवाय बायांचे हात वेग धरत नाहीत, असं पर्डीला सांगितलंय. बिचारा रोज विचारतो, बहिणीचं पत्र आलं का?

आणखी एक. खिडकी उघडेपर्यंत पाठवू नकोस.