चहा विचारायचा नाही

नेकारसुल्म,
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय उर्जाताई,

मल्हारचा साष्टांग नमस्कार. खरंच साष्टांग, बेडवर पालथा पडून लिहितोय. तू बरी ना? दाजींचा गुडघा काय म्हणतोय?

पत्र बघून घाबरू नकोस. फोन केला की तुझ्या सासूबाई म्हणतात, स्पीकरवर टाक, आम्हालाही ऐकू दे. आणि हे स्पीकरवर सांगण्यासारखं नाही. आमच्या इथली अपूर्वा पुण्याला येतेय, तिच्याबरोबर पाठवतोय. चॉकलेटं सगळ्यांची, पत्र फक्त तुझं.

मी मजेत आहे. बेकरीत ट्रेनिंगचं तिसरं वर्ष चालू झालं. माझ्या ब्रेझलचे, म्हणजे इथल्या पिळाच्या पावाचे, दोन्ही कान आता सारखे येतात. परवा मास्टर बघून म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे बरोब्बर. त्याच्या तोंडून एवढं येणं म्हणजे शाल-श्रीफळच.

तू तीन वेळा विचारलंस, "काका तुझ्याशी नीट वागतात ना?" मी तिन्ही वेळा म्हटलं, "हो गं." तर ते खोटं होतं. एप्रिलपासून काका माझ्याशी एक शब्द बोलत नव्हते. समोर बसलेलो असलो तरी काकूला म्हणायचे, "यमुना, त्याला सांग, मीठ सरकव." मी मीठ सरकवायचो.

चूक माझीच. तुझे चुलत सासरे आहेत, तुझ्या शब्दावर मला घरात ठेवून घेतलंय, हे सगळं मला माहीत होतं. पण एक एप्रिल आला आणि माझा हात शिवशिवला.

इथे रुंडफुंकची फी असते, म्हणजे टीव्ही-रेडिओची. घरात टीव्ही असो वा नसो, एका घराला एक फी. काका पहिल्यापासून वेळेवर भरतात. पण काकू जुनी माणूस. ती दोघं इथे नवीन आली तेव्हा टीव्ही आहे का बघायला दारोदार माणसं फिरायची, त्या गोष्टी तिच्या डोक्यात पक्क्या बसल्यात. मी खालून बेल दाबली आणि घोगऱ्या आवाजात म्हणालो, "गुटन टाग, टीव्ही कंट्रोल! घर तपासायचंय!"

आणि काकू काय म्हणाली असेल? "या ना, वर या. टे? काफे?" आणि दार उघडायचं बटण दाबलं! घर तपासायला आलेल्या माणसाला चहा विचारणारी बाई अख्ख्या जर्मनीत एकच असेल. मी जिन्यात बसून हसत होतो. वर गेलो तर काकू न्हाणीघरात. भरलेल्या फीचा टीव्ही तिने एकटीने उचलून टबात ठेवला होता आणि वर ओल्या चादरी टाकत होती. तिची कंबर धरली ती आठ दिवस सुटली नाही.

काका मला शेवटचं बोलले ते त्या संध्याकाळी. "आणखी एक चाळा केलास तर बॅग दाराबाहेर. आणि उर्जाला काय सांगायचं ते मी सांगेन."

मग त्यांनी सगळे कायदे वाचले आणि दाराच्या आतल्या बाजूला स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला. अजून आहे. एक, साखळी लावूनच दार उघडणे. दोन, ओळखपत्र मागणे. तीन, न्यायाधीशाचा हुकूम आहे का विचारणे, नसल्यास 'नाईन, डांके', म्हणजे 'नाही, धन्यवाद', म्हणणे. चार, आणि याच्याखाली लाल रेघ आहे, चहा विचारायचा नाही. कारण काय, तर न्यायाधीशाच्या कागदाशिवाय वसुलीवाला आपल्या मर्जीविरुद्ध घरात शिरू शकत नाही, पण आपणच 'या' म्हटलं की संपलं.

आता खरी गोष्ट.

तेवीस ऑक्टोबर, दुपारचे दोन. काका कंपनीत. मी बेकरीतून येऊन आडवा झालेलो. बेल वाजली. काकूने साखळी लावून दार उघडलं. बाहेर एक उंच माणूस, हातात बॅग. म्हणाला, रुंडफुंकच्या वसुलीसाठी आलोय, हेर, म्हणजे श्रीयुत, मल्हार जगदाळे इथेच राहतात ना?

माझं नाव ऐकलं आणि काकूची खात्रीच पटली. "आल्झो!" म्हणजे 'असं होय!' तिचा आवाज चढला. "मल्हार! अरे आता माणसं भाड्याने आणायला लागलास का?" त्या माणसाने ओळखपत्र दाखवलं. काकू म्हणाली, "छान छापलंय. आणि रिष्टर? रिष्टरचा पापियर?"

रिष्टर म्हणजे न्यायाधीश, पापियर म्हणजे कागद. तो म्हणाला, नाही, तो कागद आज माझ्याकडे नाही, पण तुमची परवानगी असेल तर दोन मिनिटं आत येऊ का?

"नाईन, डांके!" काकू म्हणाली. "उंड काईन टे!" आणि चहाही नाही.

ताई, तो माणूस हसला. म्हणाला, बाई, तुमचं अगदी बरोबर आहे. एक पाकीट साखळीच्या फटीतून दिलं आणि शांतपणे जिना उतरला. काकू माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझा मित्र अॅक्टिंग बरी करतो रे. पण काकांना कळलं तर तुझं काही खरं नाही."

मी पाकीट बघितलं, त्यावर कोर्टाचा शिक्का होता. तो माणूस खरा होता. कोर्टाचा वसुलीवाला. आणि तो माझ्यासाठीच आला होता.

म्हणजे बघ, मी म्हटलं असतं 'हो काकू, चेष्टा केली', तर बॅग बाहेर. खरं सांगितलं तरी बॅग बाहेर. कारण हे धरून माझ्या खणात अशी अकरा पाकिटं होती. न उघडलेली.

हेच मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. इथे पालिकेत पत्ता नोंदवला की प्रत्येकाला रुंडफुंकवाल्यांचं पत्र येतं. पहिलं मी उघडलं होतं. टीव्ही एवढं कळलं. म्हटलं, माझ्याकडे कुठे टीव्ही आहे, आणि टाकून दिलं. नुसता काकांचा फी-नंबर लिहून परत पाठवायचा होता, बाकी काही नाही. दुसरं आलं ते जाड होतं. त्यातली जर्मन मला वाचता येईना. ताई, मी भाषेची परीक्षा पास झालो ती बोलून. वाचायला बसलो की अजून पहिल्याच ओळीवर अडकतो. काकांना विचारायची लाज वाटली. आपण एवढी बडबड करणार, आणि वाचता येत नाही म्हणून सांगणार? मग येईल ते खणात. काका विचारायचे, "टपाल काही?" मी म्हणायचो, "जाहिराती."

आणि एक एप्रिलला मला नेमकी तीच चेष्टा का सुचली, हे आता कळतंय. ती माणसं कधीतरी येणार म्हणून रोज मी घाबरत होतो. एक दिवस काकूला घाबरवलं, तेवढंच हसून घेतलं. कंबर मात्र तिची गेली.

संध्याकाळी काका आले. मी खण काढून आणला आणि अख्खा जेवणाच्या टेबलावर उपडा केला. म्हटलं, "काका, दुपारचा माणूस खरा होता. माझ्यामुळे आला होता. मी बॅग भरलीय."

काकांनी एकेक पाकीट उलटून त्यावरच्या तारखा बघितल्या. काकू हळूच म्हणाली, "अहो, काहीतरी बोला."

"उघडत का नव्हतास?" काका म्हणाले. काकूला नाही. मला.

"वाचता येत नाही, काका."

ते उठून आत गेले. मला वाटलं बॅग आणायला. ते पेन्सिल आणि चष्मा घेऊन आले. म्हणाले, "बस इथे. पहिलं पाकीट. मोठ्याने वाच."

अकराच्या अकरा वाचली, ताई. अडलो की पेन्सिल टेबलावर टकटक करायचे. नवव्याला मी अडलोच नाही. उत्तर माझ्याच हाताने लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्या वसुलीवाल्याला स्वतः फोन केला. फोन ठेवून म्हणाले, "यमुना, तो तुझं कौतुक करत होता." काकू लाजली आणि म्हणाली, "मला काय माहीत तो खरा होता? कळलं असतं तर मी चहा टाकला असता!" काका हसले. सहा महिन्यांनी.

परवा शुक्रवारी उत्तर आलं. काकांनी पाकीट न फोडता माझ्या ताटाशी ठेवलं. मी उघडून वाचलं. या घराची फी भरलेली आहे, माझ्या नावाचं प्रकरण पहिल्यापासून बंद. पुन्हा वाचलं. मग दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि कालचा अख्खा दिवस झोपलो. एवढी गाढ झोप इथे आल्यापासून लागली नव्हती.

रागवायचं असेल तर रागव, पण आधी शेवटचं ऐक. इथे फ्लॅटला नंबर नसतो, बेलवर नाव असतं. माझं नाव दोन वर्षं पत्रपेटीवर चिकटपट्टीवर होतं, पावसाने निम्मं पुसलेलं. आज सकाळी काका स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली गेले आणि बेलवर नवी पट्टी बसवली. मला म्हणाले, "वाच."

बोरकर, आणि त्याच्या शेजारी जगदाळे. तुझं सासर आणि तुझं माहेर, एकाच बेलवर.

आता टपाल उघडून वाचणारा,
तुझा धाकटा,
मल्हार जगदाळे