निळ्या डोळ्यांचा सूड

बुधवार, २ जुलै

आजपासून वही. लक्षात ठेवायच्या गोष्टी वाढल्या आहेत आणि त्यातली प्रत्येक फोटिसबद्दल आहे.

काल संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये जत्रा कमिटीची मीटिंग. सेंट पारास्केवीच्या जत्रेत आमच्या ग्रीक सुवलाकीच्या, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाच्या, शेगडीवर गेली एकोणीस वर्षं मी उभा आहे. ओहायोतल्या या गावात लोकांना मेयरचं नाव सांगता येत नाही, माझं येतं. आणि फोटिस, कमिटीचा अध्यक्ष, घसा खाकरून म्हणतो, कुंबारे, यंदा तू जरा बस. स्वागताच्या टेबलावर. सावली आहे, पंखा आहे. येईल त्याला नकाशा द्यायचा आणि हसायचं.

मी! नकाशा!

कारण काय, तर गेल्या वर्षीच्या त्या दोन गोष्टी. एक, कोंबडीचे काही तुकडे आतून गुलाबी निघाले. गुलाबी म्हणजे कच्चं नव्हे, रसरशीत. दोन, शेगडीवर वरून भुरभुरताना मिठाऐवजी साखर पडली. दोन्ही डबे सारखेच दिसतात, हा डबे बनवणाऱ्याचा दोष. उलट गावातला एक दाताचा डॉक्टर खाऊन म्हणाला होता, इंटरेस्टिंग आहे.

मी लाल एप्रन (पहिल्या मीटिंगला दरवर्षी घालूनच जातो) काढला, फोटिसच्या पायाशी फेकला आणि ताठ मानेनं बाहेर पडलो. फार रुबाबदार झालं. फक्त जे दार उघडलं ते झाडूच्या कपाटाचं निघालं.

आज उपासाचा बुधवार. रागाच्या भरात दोन सॉसेज खाल्ले. ते पापही फोटिसच्या माथी.

गुरुवार, ३ जुलै

संकल्प: सूड. शांत डोक्यानं.

फोटिस आमचा कुंबारो. लग्नात अर्गिरोच्या आणि माझ्या डोक्यावरचे मुकुट अदलाबदल करणारा, सख्ख्या भावाहून जवळचा. मुकुट तीनदा बदलायचे असतात. यानं चारदा बदलले. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पर्याय लिहून काढतो. पेपरात तक्रार? वाचतो कोण. शेगडीच्या कोळशावर पाणी? ते पोरकट. दुसरी शेगडी लावून समोरच जत्रा? जागा नाही, आणि अर्गिरो म्हणाली की तसं केलंस तर मी फोटिसच्या शेगडीवर जेवेन.

विचार चालू.

रविवार, ६ जुलै

प्रार्थनेला गेलो. फोटिस दोन रांगा पुढे. त्याच्या मानेवर नजर रोखून बसलो. नंतर कळलं ती मान औषधाच्या दुकानवाल्याची होती. केस सगळ्यांचे सारखेच पिकतात.

सेंट पारास्केवीच्या तसबिरीखाली काहीतरी नवीन चमकत होतं. अर्गिरो म्हणाली, नवसाचे डोळे आहेत, पत्र्याचे, मीच टांगलेत. सेंट पारास्केवी डोळ्यांची राखण करणारी, तेव्हा ठीकच. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाली, घरातल्या एकासाठी. तिची स्माराग्दा मावशी आमच्याकडेच असते. चौऱ्याऐंशी वय. बिचारी. पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवते खरी, पण आतून काय हाल असतील कोण जाणे.

मंगळवार, १५ जुलै

डोळ्यांच्या डॉक्टरचं तिसरं पत्र. अक्षरं इतकी बारीक की लागेनात. ज्याला साधं पत्र धड छापता येत नाही तो माझे डोळे काय तपासणार. कचऱ्यात.

बुधवार, १६ जुलै. सकाळी ६.१०

सापडलं!

दाढी करताना आरशात माझे डोळे पाहिले. निळे. आजीकडून आलेले. लहानपणापासून गाव मला टरकून असायचं. निळ्या डोळ्यांच्या माणसानं कौतुक केलं की दृष्ट लागते. कुणाच्या बाळाकडे बघून नुसता हसलो तरी आया ओरडायच्या, थुंक, स्टमाटिस, थुंक! की मी फ्तू फ्तू फ्तू करायचो. बाळं, नवऱ्या मुली, नव्या गाड्या, एकदा तर शेजाऱ्याचा फ्रीज. एकसष्ट वर्षं लोकांसाठी थुंकत आलो.

आता थुंकी बंद.

बेत असा: जत्रेला पाहुणा म्हणून जायचं. शेगडीसमोर बसायचं. फोटिसकडे बघून तोंडभर कौतुक करायचं. आणि थुंकायचं नाही. बस. कुठल्याही कायद्यानं हा गुन्हा नाही.

शनिवार, १९ जुलै

स्माराग्दा मावशी गावभरची दृष्ट काढते, म्हणून तिच्याकडून सहज माहिती काढली. म्हटलं, मावशी, दृष्ट चष्म्यातून लागते का हो? ती म्हणाली, मला काय ठाऊक, माझ्या नवऱ्याची नजर वर्तमानपत्रातून बाहेर कधी आलीच नाही. मग वाटाणे सोलत म्हणाली, पण काच ती काच. उघड्या डोळ्याची धार वेगळी.

ठरलं. चष्मा घरी.

पुढे म्हणाली की नजर सोडणाऱ्यानं जपून राहावं. ज्याच्यावर सोडली तो भेटला नाही तर ती मांजरासारखी घरी परत येते. मी म्हटलं, फोटिस चुकेल एवढा लहान नाही. म्हणजे, मनात म्हटलं. बहुतेक मनातच. मावशीनं एक वाटाणा माझ्याकडे रोखून धरला होता.

बुधवार, २३ जुलै

जत्रेसाठी बायकांचं लाटणं-भाजणं सुरू होऊन तिसरा आठवडा. हॉलचा फ्रीजर भरला. अर्गिरो रोज पिठानं माखून येते आणि सांगते, फोटिस तुझी चौकशी करत होता. करणारच. अपराधी मन.

मसाल्याचं प्रमाण विचारत होता म्हणे. सांगू नकोस म्हटलं. ती म्हणाली, एकोणीस वर्षं मसाला मीच मळते, तू फक्त परततोस.

या वाक्याचा सूड नंतर.

शनिवार, २६ जुलै. सेंट पारास्केवीचा दिवस. जत्रा.

११.०० चष्मा टेबलाच्या खणात. गाडी अर्गिरोला चालवायला दिली. संतापलेल्या माणसानं गाडी चालवू नये, आणि हल्ली रस्त्यावर पांढरे पट्टे फार फिके मारतात.

११.४० फाटकात स्वागताच्या टेबलावरच्या बाईनं माझ्याच हातात नकाशा दिला. माझ्या जत्रेचा नकाशा. मला! घडी करून खिशात ठेवला. पुरावा.

१२.०५ शेगडीसमोर तीस पावलांवर बाक मिळाला. धूर, लिंबू, ओरेगानो. एकोणीस वर्षं मी त्या धुराच्या पलीकडून लोकांकडे बघत होतो. अलीकडून कधी बघितलंच नव्हतं. पण ते असो. सुडाच्या दिवशी हळवं व्हायचं नाही.

१२.१५ दिसला! आणि निर्लज्जपणाची हद्द: त्यानं माझाच एप्रन घातलाय. माझा लाल एप्रन! फेकलेला उचलून! शेगडीच्या डाव्या अंगाला, खांबाला टेकून उभा. बरोबर माझ्या जागी. रक्त उसळलं. चष्मा नाही तेच बरं, नजर सरळ जाऊ दे.

१२.२० सुरुवात. हळू आवाजात म्हटलं: वा फोटिस, काय ती ऐट. काय ती तब्येत. (खरंच बारीक झालाय. चिंतेनं असेल.) काय तो एप्रन शोभतोय. तोंडाला पाणी सुटलं, गिळलं. थुंकलो नाही.

१.०० माणूस जागचा हलत नाही. बाकीचे पाळीपाळीनं सळया परततायत, घाम पुसतायत, आणि अध्यक्ष महाराज काडीचं काम करत नाहीत. मी एकदा तरी असा उभा राहिलो का?

१.३० येणारा-जाणारा त्याच्या छातीला हात लावून जातोय. अमेरिकन बायकासुद्धा. पुढारी झालाय. कौतुक दुप्पट केलं.

१.५० पापा-ग्रिगोरिस, आमचे पाद्री, प्लेट घेऊन आले. म्हणाले, शेगडीवरून पाठवलंय, मीठ बरोबर आहे का ते स्टमाटिसला विचारा म्हणालेत. काय टोमणा आहे! साखरेचा वचपा! मी खाऊन पाहिलं, निव्वळ पुरावा म्हणून. सहा सळया पुरावा झाला. मीठ बरोबर होतं. मी म्हटलं, सांगा, बरं आहे. पापा म्हणाले, तूच जाऊन सांग ना, वीस पावलं आहेत. मी म्हटलं, तीस. ते म्हणाले, तू त्या बाजूला असा एकटक काय बघतोयस? मी म्हटलं, कौतुक करतोय. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हळूच छातीवर क्रॉसची खूण केली.

२.३० वारा सुटला. मुलांचा नाच चालू, बुझुकी वाजतेय, आणि हा कमरेतून डोलतोय! मांस चाललंय जळून आणि हा नाचतोय. मनापासून म्हटलं, नाच फोटिस, सुरेख नाचतोस, तुझ्यासारखा नाचणारा झाला नाही. यापेक्षा जोरदार दृष्ट माझ्या माहितीत नाही.

४.०० अजून पडला नाही. निरोगी आहे चोर.

५.१५ नजर थकली. दोन्ही डोळ्यांत पाणी. विजयाचं असावं.

रविवार, २७ जुलै

जत्रेला गेलो नाही. डोकं ठणकतंय. सकाळपासून जांभया. कॉफी कपाऐवजी बशीत ओतली. पायरीवर अडखळलो, गुडघा फुटला. ऊन बाधलं.

पण फोटिसचं काय झालं असेल या विचारानं बरं वाटतंय. घसरला असेल. निदान पोट बिघडलं असेल. अर्गिरो चार वाजता आली. सुवलाकी दोनलाच संपली म्हणे, रांग पेट्रोल पंपापर्यंत. मी सहज विचारलं, फोटिस कसा आहे? म्हणाली, ठणठणीत.

दृष्ट लागायला वेळ लागतो.

सोमवार, २८ जुलै

डोकं फुटतंय. अर्गिरोनं मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि मावशीला बोलावलं. मावशीनं बशीत पाणी घेतलं, पुटपुटत तेलाचा थेंब सोडला. थेंब पसरला आणि दिसेनासा झाला. दुसरा, तिसरा, तेच. मावशी जांभया देऊ लागली. एवढ्या की कवळी सावरावी लागली. म्हणाली, बाप रे. चाळीस वर्षांत अशी दृष्ट पाहिली नाही. पुरुष आहे. डोळे निळे. लांबून बघितलंय, तासन्‌तास. आणि मनात नुसतं विष.

अर्गिरोनं निळ्या डोळ्यांच्या पुरुषांची यादी सुरू केली. मी पोस्टमनचं नाव सुचवलं. त्याचा माझ्यावर पहिल्यापासून राग आहे.

तेवढ्यात बेल. फोटिस. जाडा, घामेजलेला, नेहमीइतकाच जाडा. हातात माझा एप्रन, धुऊन इस्त्री केलेला. त्याच्या बायकोनं केलेली.

म्हणाला, कुंबारे, दोन दिवस मी आत ओव्हनशी अडकलेलो, बाहेर तोंड काढलं नाही, नाहीतर येऊन तुझे पाय धरले असते. शेगडीवर चौघांना पाळीपाळीनं लावलं, तासाभरावर एक टिकला नाही. आणि तुझा एप्रन घालायला कुणी तयार होईना. म्हणून तो खांबाला टांगला, तुझ्या जागी. लोक विचारायचे, स्टमाटिस कुठाय? आम्ही एप्रन दाखवायचो. मग ते त्याला हात लावून पुढे जायचे. वाऱ्यानं असा डोलत होता म्हणतात, वाटावं तूच नाचतोयस.

अर्गिरोनं यादीतून पोस्टमनचं नाव काढून टाकलं.

मावशी वाकून माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मग म्हणाली, आलं का मांजर घरी.

मी म्हटलं, धुरामुळे नीट दिसत नव्हतं. अर्गिरो म्हणाली, धूर चष्म्याच्या खणातही होता का? मावशीनं एप्रन माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, थुंक. मी म्हटलं, कशावर? म्हणाली, तुझ्याच जिवावर उठलास, आता स्वतःवरच थुंक. मी थुंकलो. फ्तू फ्तू फ्तू. माझ्यासाठी फोटिसही थुंकला. तीनदा थुंकायचं असतं, तो चारदा थुंकला. मला रडू आलं. ओव्हनमधल्या कांद्याचा वास त्याच्या अंगाला होता, त्यामुळे.

जाताना दारात म्हणाला, तुझी शेगडी लाटायची नव्हती रे मला. तीस वर्षांत तू मला ओळखलं नाहीस असं पहिल्यांदाच झालं. गेल्या महिन्यात चर्चबाहेर समोरून गेलास, मी हात केला, तू खांबाला नमस्कार केलास. म्हणून म्हटलं, सावलीत बस. शेगडीवर हात भाजला असता तुझा.

मी म्हटलं, मी मुद्दाम केला खांबाला नमस्कार.

डोकं दुखायचं थांबलं.

बुधवार, ३० जुलै

चर्चमध्ये जाऊन आलो, एकटाच, पायी. नवसाचे ते डोळे बघायचे होते. तसबिरीजवळ गेलो. मग आणखी जवळ. नाकाला थंड पत्रा लागला तेव्हा डोळे दिसले. मागे बारीक खरवडून एक नाव लिहिलंय, ते बोटानं चाचपून वाचलं. स्माराग्दा नाही. स्टमाटिस.

घरी येऊन अर्गिरोला विचारलं, कधी टांगलेस? म्हणाली, ईस्टरला. तू मेणबत्तीऐवजी पुढच्या बाईच्या केसांतलं फूल पेटवत होतास त्या दिवशी.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ उद्या साडेनऊची. पत्र तिनं कचऱ्यातून काढून ठेवलं होतं. पुढच्या वर्षीपर्यंत एप्रन दारामागे टांगलाय. फोटिसला अजून माफ केलेलं नाही, पण त्याला तसं कळवायची घाई नाही.

उद्या गाडी अर्गिरो चालवणार. मला काही अडचण नाही. तिचा सराव राहावा, एवढंच.