सातव्या डावात मी तोंड उघडलं

वून्सॉकेट
जूनमधला तिसरा रविवार, दुपार

ती. लिओंतीनवन्सं यांस,

एस्तेलचा नमस्कार. मी बरी आहे, म्हणजे वेळेवर उठते, जेवते आणि वाचनालयाची पुस्तकं मुदतीत परत करते. हे जाऊन दोन वर्षं आणि चार महिने झाले, त्यात याहून जास्त बरं असण्याचा प्रसंग आलेला नाही. तुमचे गुडघे फ्लोरिडाच्या उन्हात मोकळे झाले असं तुम्ही पोस्टकार्डावर लिहिलंत, वाचून आनंद झाला. (माझे अजून मार्च महिन्यातच आहेत, पण तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगत नाही.) संत्र्यांची पेटी पोचली. गोड होती. तळाशी चार नासली होती, ती मोजत नाही. तुमच्या लेकीला आणि जावयांना माझी आठवण सांगा.

आता मुख्य गोष्ट. काल मी बॉस्टनला गेले होते. चर्चच्या बसमधून, मॅच बघायला. काय झालं ते तुम्हांला कुणीतरी फोन करून एव्हाना सांगितलंच असेल, बहुधा ओविला जेर्वेनं. तो गेली तीस वर्षं ही सहल काढतो आणि कुठलीही गोष्ट सांगताना तिला आधी खाऊ घालून जाड करतो. म्हणून मूळ अंगानं ती माझ्याकडून ऐका.

वन्सं, मी स्पष्ट लिहिते, राग मानू नका. सव्वीस वर्षं जूनमधल्या एका शनिवारी तुम्ही आणि हे त्या बसमध्ये बसत होतात आणि मी दारात उभी राहून हात हलवत होते. पहिली अकरा वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, कुणीतरी घरी राहायलाच हवं होतं. ते कुणीतरी कोण, यावर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. सासूबाई गेल्या तोवर सगळ्यांना सवय झाली होती, मला हात हलवायची आणि तुम्हांला खिडकीची. "या वर्षी वहिनी, तुम्ही जा," असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर मी नको म्हटलं असतं, ते वेगळं. रात्री हे परत यायचे, ऊन लागून लाल झालेले, खिशात शेंगांची टरफलं. मी विचारायची, कसं झालं? हे आकडा सांगायचे. "पाच-तीन." एवढंच. गिरणीत करवत चालावी तशा आवाजात घोरायला लागायचे. म्हणजे वर्षातला एक दिवस यांचा असा होता की ज्यातलं मला फक्त पाच-तीन ठाऊक होतं, आणि बाकीचा सगळा तुमच्याकडे होता. मला एकदा यांच्या जागेवर जाऊन बसायचं होतं. यांची बायको म्हणून. बस्स, एवढ्यासाठी गेले.

तयारीशिवाय गेले नाही. वाचनालयातून बेसबॉलच्या नियमांचं पुस्तक आणलं आणि तीनदा वाचलं. (चौदाव्या वर्षी शाळा सुटून गिरणीत लागले, तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट तीनदा वाचते, शिकवणारं कुणी नसलं की तेवढं लागतं.) वहीत चौकोन आखून प्रत्येक बॅटरपुढे काय झालं ते कसं टिपायचं, तेही शिकले. तुम्ही यांना लहानपणी ते शिकवलंत, हे तुम्ही माझ्या लग्नात, माझ्या ताटापाशी उभं राहून सांगितलं होतंत. मला वाटलं, पन्नास वर्षांच्या पुढे मीही शिकू शकते. दोन पेन्सिली तासून घेतल्या, डुकराच्या खिम्याचं क्रेतों लावून सहा सँडविच केले (तुमच्यासारखी लवंग घालत नाही, मांसाची चव मांसाला राहू देते) आणि सकाळी सातला चर्चपुढे उभी राहिले.

बसमध्ये चढल्यापासून प्रत्येकानं एकच विचारलं, "लिओंतीन कशी आहे?" मी म्हणाले, गुडघे मोकळे झाले. चौदा वेळा म्हणाले. मॅसॅच्युसेट्सची हद्द येईपर्यंत नेहमीप्रमाणे रोझरीची माळ झाली आणि फादर ल्युसियन यांनी शेवटची प्रार्थना आपल्या पिचरच्या कोपरासाठी घेतली. तुमच्या वेळी खांदा होता म्हणे. मग ते माझ्या शेजारी, म्हणजे तुमच्या जागेवर येऊन बसले, कारण दुसरं कुणी तिथे बसायला तयार होईना. "ती लिओंतीनची खिडकी आहे," असं सगळे म्हणाले. जशी काही तुम्ही ती काचेसकट विकत घेतली आहे.

मैदानात तिकिटं बघून जागा दाखवणारा तो आयरिश म्हातारा, फीनी, अजून आहे. हातात फडकं घेऊन खुर्च्या पुसतो. मला बघितल्याबरोबर त्यानं टोपी काढली. "आर्मंड गेल्याचं ओविलानं सांगितलं मला. त्याच्या बहीण ना तुम्ही? नाकावरून ओळखलं!" (माझं नाक माझ्या माहेरचं आहे.) आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "त्याच्या बायकोचे काय हाल असतील हो! लिओंतीनबाईंना माझं दुःख कळवा. सव्वीस वर्षं बघतोय, असं जोडपं बघितलं नाही. दर डावाला भांडायचे, पण शेंगा एकाच पुडीतून खायचे!"

वन्सं, दोन वर्षं आणि चार महिने लोक मला येऊन सांगतायत की फार वाईट झालं. माझ्या हाती देऊन तुमच्याकडे पाठवलेलं सांत्वन हे पहिलंच.

मी म्हणाले, "बायको मी आहे. लिओंतीन त्यांची बहीण."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं, फादरकडे बघितलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "बाई, मी काही पाहिलं नाही. माझं काम फक्त जागा दाखवायचं."

मी म्हणाले, अहो, सख्खी बहीण! तो म्हणाला, "हो हो, बहीणच म्हणायचे," आणि माझी खुर्ची दोनदा पुसून दिली, दया आली म्हणून. फादर ल्युसियन या सगळ्या वेळात आकाशाकडे बघत होते. एकदाही मध्ये पडले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "पाऊस येतो की काय ते बघत होतो, एस्तेलबाई." ढग एकही नव्हता.

मग मी यांच्या जागेवर बसले. ती खांबाच्या मागे आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हिरवा, जाड, लोखंडी खांब, नाकासमोर. पिचर दिसतो, बॅटर दिसत नाही; बॅटर बघायचा तर उजवीकडे झुकावं लागतं, म्हणजे तुमच्या खांद्यावर. तुमच्या जागेवरून मात्र सगळं मैदान ताटात वाढल्यासारखं दिसतं. दर जूनमध्ये यांची मान आठवडाभर आखडायची आणि मी वाफाऱ्याचा शेक द्यायची. मी समजत होते, बसच्या खिडकीतला वारा. वारा नव्हता, वन्सं. तुम्ही होतात. तिथे काल फादर बसले होते. त्यांना मी दोनदा सुचवून पाहिलं की जागा बदलू या. त्यांना सुचवलेलं कळत नाही.

तर अशा मनःस्थितीत मॅच सुरू झाली. मी झुकून बघत होते आणि टिपत होते. एकही चौकोन रिकामा सोडला नाही. आपला पिचर काल असा फेकत होता की समोरच्या संघाचा माणूस यायचा, हवेत बॅट फिरवायचा आणि परत जायचा. चौथ्या डावापर्यंत सगळे ओरडत होते. पाचव्यात आवाज कमी झाला. सहाव्यात ओविलानं सँडविच तोंडापाशी नेऊन तसाच धरून ठेवला. सातवा डाव सुरू झाला तेव्हा चर्चमध्येही नसते अशी शांतता. डावीकडच्या त्या उंच हिरव्या भिंतीवर हातानं आकडे लावतात, तिकडे कुणी बघेना. माझ्यापुढची बाई तर डोळे मिटून बसली होती. मी वहीत बघितलं. समोरच्या संघाच्या अठरा माणसांचे चौकोन, आणि एकालाही चेंडू धड मारून पहिल्या बेसवर पोचता आलेलं नव्हतं. एकही हिट नाही! असं नऊच्या नऊ डाव झालं तर माणसं नातवंडांना सांगतात की मी तिथे होतो. आणि हे इतके लोक गप्प? मला खरंच वाटलं, यांच्या लक्षातच आलेलं नाही. वही फक्त माझ्याकडे आहे, यांना कसं कळणार?

आणि लिओंतीनवन्सं, खोटं कशाला सांगू, मनात आणखी एक गोष्ट आली. ती अशी की, लिओंतीन असती तर तिनं केव्हाच सांगितलं असतं आणि सगळे म्हणाले असते, बघा, लिओंतीनला किती कळतं.

मी उभी राहिले. खांबाला एका हातानं धरलं, पेन्सिल वर केली आणि आपल्या दोन्ही रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, झोपलात काय सगळे? समोरच्यांना आत्तापर्यंत एकही हिट नाही!"

हे उच्चारायचं नसतं, हे पुस्तकात नाही. मी काल घरी आल्यावर चौथ्यांदा वाचून बघितलं. पिचरच्या जोडीदारांना माहीत असतं, शेंगा विकणाऱ्याला माहीत असतं, फादरना माहीत होतं, फक्त छापलेलं कुठे नाही. शब्द काढला की दृष्ट लागते. पुढच्याच चेंडूला असा आवाज आला की खांबाआडूनही कळलं, आणि चेंडू त्या हिरव्या भिंतीवर आदळला. पहिली हिट.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. पस्तीस हजार माणसांचा एकच सुस्कारा आला आणि मग आमच्या भागातली तोंडं एकेक करून माझ्याकडे वळली. मागच्या रांगेतला एक आडदांड माणूस अगदी अदबीनं म्हणाला, "बाई, कुठल्या गावच्या तुम्ही?" मी म्हणाले, "वून्सॉकेट." तो ओविलाकडे वळला. "तुमच्याबरोबर आहेत?" ओविला जेर्वे, ज्याच्या तीन मुलांच्या बारशाला मी स्वतःच्या हातानं विणलेले मोजे दिले, म्हणाला, "छे! दुसऱ्या बसच्या असतील." मी फादरकडे बघितलं. ते म्हणाले, "देव तुला क्षमा करील, एस्तेल. मला जरा वेळ लागेल."

आपण जिंकलो, सहा-शून्य. त्याचा कुणाला उपयोग झाला नाही.

परतीच्या बसमध्ये माळेची आठवणही कुणी काढली नाही. सँडविच उरले होते ते मी पुढे केले, कुणी हात लावला नाही. मी खिडकीतून बाहेर बघत बसले (फादर मागे जाऊन बसले होते, त्यामुळे तुमची खिडकी मला मिळाली, खास काही दिसत नाही). मला वाटलं, एवढ्यासाठी आले, आणि इथे तर मी यांची कुणीच नाही. फीनीच्या हिशेबी बहीण, ओविलाच्या हिशेबी दुसऱ्या बसची. हद्दीच्या अलीकडे ओविलाला राहवलं नाही. सीटच्या पाठी धरत धरत तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला, टोमॅटोसारखा लाल.

"वहिनी, आर्मंड बरोबर सांगायचा! 'एस्तेलला आणलं ना, तर सातव्या डावात उभी राहील आणि जे कुणी बोलू नये ते बोलेल. वर पेन्सिलीनं दाखवेल!'"

मी म्हणाले, "पेन्सिलीनं? हे असं म्हणाले? कधी?"

"कधी काय? दरवर्षी! बसनं नदीचा पूल ओलांडला रे ओलांडला की आम्ही विचारायचो, 'आर्मंड, आज निघताना काय म्हणाली?' आणि तो उभा राहून तुमच्या आवाजात सांगायचा. पंधरा मिनिटं!"

मागून बूशारबाई म्हणाल्या, "बिशप घरी आले आणि ही त्यांना म्हणाली, आधी पाय पुसा, ते आठवतं?" कुणीतरी म्हणालं, "ते राहू दे, गिरणीच्या मालकाचं भाषण संपल्यावर हिनं त्याच्या तीन चुका सांगितल्या ते!" आणि बस हसायला लागली, वन्सं. फादरसुद्धा. बिशपांचं पायपुसणं सगळे मला करून दाखवत होते आणि मला यांचा आवाज ऐकू येत होता, कारण माझी नक्कल करताना हे नाकातून बोलायचे, आणि बूशारबाईही नाकातूनच बोलत होत्या. एका सँडविचसाठी हात आला. मग दुसऱ्यासाठी. मी खिडकीकडे तोंड केलं. ओविला विचारत होता की रडता की काय वहिनी. मी म्हणाले, तुझ्या बसला धूर येतो.

म्हणजे सव्वीस वर्षं मी त्या बसमध्ये होते. तिकीट न काढता. आणि ज्यांनी मला नेलं ते रात्री घरी येऊन म्हणायचे, पाच-तीन.

कालपर्यंत मला तुमचा हेवा वाटत होता तो खिडकीचा, जागेचा, शेंगांच्या पुडीचा. तो आज सकाळी मी सोडून दिला. आज वेगळा वाटतो आणि तो जास्त आहे. तुम्ही शेजारी बसून ते सगळं सव्वीस वेळा ऐकलंत, आणि मला एक अक्षर बोलला नाहीत. प्रेतयात्रेच्या दिवशी तुम्ही माझा हात धरून तासभर बसला होतात. तेव्हा तरी सांगायचं होतंत.

उन्हात डोक्याला रुमाल बांधत जा. औषधं वेळेवर घ्या. लोभ आहे, तो मी म्हटलं तरी कमी होत नाही.

तुमची,
एस्तेल थिबो

ता.क. फीनी अजून तुम्हांला यांची ठेवलेली बाई समजतो. मी त्याला निघताना पुन्हा समजावणार होते, पण त्याला तुमच्याबद्दल इतका आदर आहे की धीर झाला नाही. तुमच्या तिकडच्या फादरकडून दोन ओळींचा दाखला घेऊन पाठवा.

ता.क. दुसरा. पत्र लिहायचं खरं कारण वर राहून गेलं. हे बसमध्ये माझ्याबद्दल जे जे सांगायचे ते मला लिहून पाठवा. एकदम नको, दर पत्रात एक पुरे, म्हणजे पुष्कळ दिवस येत राहील. माझी फजिती असलेलं आधी लिहा. तारीख, साल नसलं तरी चालेल. पण एखादं अर्धवट आठवत असेल तर तसंच अर्धवट लिहा, पदरचं घालून पुरं करू नका. यांचं बोलणं कुठे संपतं आणि तुमचं कुठे सुरू होतं, ते मला कळतं.