एकदांडीचा पाला

३ मार्च
ताईच्या अंगठ्याला नवी चप्पल चावली. लगेच भिंतीकडेची एकदांडी उपटून आणली. लांब दांडीवर एकच फूल, कुठेही माजणारं तण. पाला वाटून लावला, पट्टी बांधली. "आलात का वैद्यबुवा!" सत्तरी गाठली तरी धाकट्या भावाची टिंगल सोडायची नाही!

८ मार्च
जखम ओलीच. पण ताई खूश — "जरासुद्धा दुखत नाही रे. तुझ्या पाल्याचा गुण!" मी फुगलो. गल्लीतल्या निम्म्या लोकांची खरचटलेली कोपरं याच पाल्याने सुकलीत. तरी घरी आल्यावर चैन पडेना. एवढी जखम, आणि दुखत कशी नाही?

९ मार्च
सकाळभर वाचनालयात. जन्मभर पुस्तकं बांधली, बांधता बांधता वाचायची खोड लागली, ती कामी आली. संशोधन आहे, नाही असं नाही. या पाल्याच्या अर्काने उंदरांच्या जखमा लवकर भरल्या. काचेच्या बशीत काही जंतूंची वाढ रोखली. पण माणसांवर नीट चाचण्या? जवळजवळ नाहीतच! आणि ताईला तर कितीतरी वर्षांची साखर. तिच्यासारख्या पायाबद्दल एक ओळ सापडेल तर शपथ.

तिला म्हटलं, दवाखान्यात चल. "म्हणजे इतके दिवस मी उंदीर होते होय?" हसतच सुटली. "तुझा पाला पुरे मला. डॉक्टर आधी सुरी काढतात." माझंच कौतुक माझ्यावर उलटलं.

१० मार्च
अंगठा काळसर. वासही येतोय. पाला नेलाच नाही. म्हटलं, "ताई, माझा पाला कुचकामी आहे." ताई चपला शोधायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला लावले. "टोचलं की सांगा." तळव्यावर ठिकठिकाणी टोचत गेल्या. ताई गप्प. शेवटी वैतागली — "अहो बाई, सुरू कधी करताय?"

साखरेने पायाची जाणीवच गेलेली. कसला पाल्याचा गुण!

१३ मार्च
अंगठा गेला. पाऊल वाचलं.

१५ मार्च
मन थाऱ्यावर नाही. आज हिला म्हटलं, सुई घे, माझ्याही तळव्याला टोचून बघ. डोळे मिटून बसलो. बराच वेळ झाला. "अगं, घाबरतेस काय? टोच की!"

"अहो," ही म्हणाली, "केव्हाच टोचलंय."