गुणवंतीआत्यांचा काढा

ती. गुणवंतीआत्यांना पावसहून नेत्राचा नमस्कार.

आत्या, मला दिवस गेलेत!

औषध लागू पडलं, पण तुमचं नाही. खोट तुमच्या भाच्यात निघाली. तोंडाला नुसता पंचा बांधून हापूसच्या कलमांवर कीटकनाशक फवारायचे ना हे! डॉक्टर म्हणाले, ते विष अंगात भिनून पुरुषाचं बीज कमजोर होतं. तेव्हापासून फवारणी बंद आणि जेवणावर व्हिटॅमिनची गोळी. गोळीची मदत होईल, पण आधी विषापासून लांब राहा, असं त्यांनी बजावलं. हे गोळी घेतात तीसुद्धा तीर्थासारखी, डोळे मिटून!

"आत्याला सांगू नको हां, मंडणगडभर सांगत सुटेल," म्हणतात. म्हणून हे पत्र तांदळाच्या डब्यातच राहणार.

मला कडू काढ्याच्या पुड्या पाठवल्यात आणि यांना मात्र 'दुसरी बघूया' म्हणालात. मी ऐकलंय सगळं! पण आज राग येतच नाही. बारशाला या, 'माझ्या काढ्याचा गुण' म्हणून खुशाल मिरवा. मी मान डोलावीन.

फक्त मागीलदारच्या जास्वंदीकडे बघू नका. काढा रोज तिलाच घातला. कशी फुललीय म्हणून सांगू!

तुमची पहिली आणि शेवटची सून,
नेत्रा